आधी लाल पेन खाली ठेवा

अहमदपूर तालुक्यातल्या बंजारा तांड्यावरचं लेकरू पहिलीत येतं, तेव्हा त्याच्या तोंडी गोरबोली असते आणि हातात मराठी बालभारती. शाळा त्याला मराठी शिकवते ती मातृभाषा म्हणून. पहिली चूक शाळेची आहे. या लेकराची मराठी ही दुसरी भाषा आहे, आणि दुसरी भाषा शिकवण्याची रीत वेगळी असते. ती रीत सांगणारं शास्त्र म्हणजे उपयोजित भाषाविज्ञान.

पोरगं 'माझा घर' लिहितं. गुरुजी लाल रेघ ओढतात, पोरगं पुन्हा तेच लिहितं. का? गोरबोली राजस्थानी कुळातली. तिच्यात नपुंसकलिंग नाही. घरी ते 'मारो घर' म्हणतं, शाळेत तोच नियम मराठीला लावतं. दखनी बोलणाऱ्या मुलांचंही असंच होतं, कारण दखनीतही लिंगं दोनच. यात मठ्ठपणा कुठे आला? रॉबर्ट लॅडो यांनी 1957 मध्येच सांगितलं होतं, की दोन भाषा शेजारी ठेवून पाहा, मूल कुठे अडखळेल याचा अंदाज येतो. पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये त्यापुढे जाऊन मांडलं, की शिकणाऱ्याची चूक म्हणजे त्यानं मनात बांधलेल्या नियमाचा पुरावा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं हे ज्ञान अजून आमच्या वर्गात पोचायचं आहे.

राज्यात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सहाव्या वर्षीच या लेकरापुढे तिसरी भाषा. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला, राज्य पेटलं आणि 29 जूनला सरकारनं तो मागे घेतला. 'तिसरी भाषा' यावर रान उठलं. तांड्यावरच्या पोराची ती चौथी ठरली असती, हे किती जणांनी बोलून दाखवलं?

2011 च्या जनगणनेत देशभरात 32 लाखांहून अधिक लोकांनी लमाणी-लंबाडी, म्हणजे गोरबोलीच, ही आपली मातृभाषा नोंदवली. सरकारनं ती हिंदीच्या खात्यात टाकली. अल्पसंख्याक भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं राज्यघटनेचं कलम 350अ 1956 पासून सांगतं. तांड्यावरच्या शाळेत ही सोय कुठे आहे?

जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनं गोरबोली-मराठी फरकांची छोटी पुस्तिका काढावी. पहिलीच्या वर्गात तांड्यावरचीच शिकलेली एखादी मुलगी मदतनीस म्हणून मानधनावर नेमावी. सुरुवातीचे काही महिने गोरबोलीत गप्पा-गोष्टी होऊ द्याव्यात, 'तो, ती, ते' आधी तोंडी पक्कं करावं, वही नंतर. याला फार पैसा लागत नाही.

आणि गुरुजी, बाई, तुम्ही पुस्तिकेची वाट पाहू नका. याच आठवड्यात वह्या काढा, एकसारख्या चुका एकत्र लिहा आणि पोरांना विचारा, "घरी हे कसं म्हणता?" शिकवायला तिथूनच सुरुवात करा.