वांग्याच्या सालीचा तपास

सकाळी सव्वासातला कोपऱ्यावर घंटागाडीचं गाणं वाजलं की आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत जी धावपळ उडते, ती लग्नघरातही उडत नसेल. कोणी गाऊनवर ओढणी टाकून, कोणी तोंडात ब्रश धरून, कोणी एका पायात नवऱ्याची चप्पल घालून निघतं. हातात दोन बादल्या, हिरवी आणि निळी. त्यातली कोणती ओल्याची आणि कोणती सुक्याची, यावर गाडीपाशी पोचेपर्यंत विचार चालू. पलीकडच्या धुळ्याच्या काकू मात्र दारातल्या पायरीवर चहा पीत बसलेल्या असतात. त्यांची एकच हलकी पिशवी, तीही आठवड्यातून दोनदा. ओला कचरा त्या घराचा उंबरा ओलांडतच नाही.

काकूंचं माहेर-सासर दोन्ही देवपूरचं. मुलगा इथं एमआयडीसीत लागला म्हणून आल्या, त्याला बारा वर्षं झाली. पण जळगाव त्यांच्या लेखी अजून परगावच. 1906 साली इंग्रजांनी खानदेशाचे दोन भाग पाडले, पश्चिमेचं ठाणं धुळ्याला, पूर्वेचं जळगावला. ती वाटणी काकूंना अजून मान्य नसावी. आमच्या दोन घरांतल्या भिंतीवर कोपरं टेकून त्या रोज ती नव्यानं मांडतात.

"आमच्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. ब्रिग्ज साहेबानं आखलेलं गाव ते. इथं पत्ता सांगायचा तर आधी झेरॉक्सवाला, मग निंबाचं झाड."

"पण आमची महापालिका सतरा मजली आहे, काकू."

"मजल्यांनी कचरा वेगळा होतो का वं माय? आणि दोन्ही महापालिका एकाच सालच्या, 2003 च्या. जुळ्यांमध्ये थोरलं-धाकटं कसलं?"

तर गेल्या सोमवारची गोष्ट. डिसेंबरातली थंडी, मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. भिंतीपलीकडून हाक आली.

"वं माय, इकडं ये. हाई काय शे?"

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरच्या निंबाला कोणीतरी गाठ मारून पिशवी अडकवली होती. कुत्री फाडतील म्हणून काकूंनी ती काठीनं उतरवून अंगणात आणली होती. खाली पेपर, हाताला पिठाची रिकामी पिशवी मोज्यासारखी चढवलेली, चष्मा नाकावर. पोलिसांचा पंचनामासुद्धा इतक्या शिस्तीत होत नसेल.

आतून निघाली वांग्याची जळकी सालं, देठं, केळीच्या पानाचे तुकडे, कांद्याची पात, कळण्याच्या पुरीचा एक चावलेला तुकडा, शेवेचं पाकीट आणि तळाशी दुधाच्या तीन पिशव्या.

"भरीत पार्टी," काकू म्हणाल्या.

"मग झालं. धरा आता चोर." मला हसूच आलं. ऐन थंडीत जळगावात वांग्याच्या सालीवरून माणूस शोधायचा म्हणजे वारीत टाळ वाजवणारा शोधण्यापैकी. आमच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. मानांकन मिळालेल्या दोन्ही गोष्टी त्या पिशवीत हजर होत्या. रविवारी अर्ध्या गावाच्या शेतात नाहीतर गच्चीवर कपाशीच्या काड्यांचा धूर असतो. आमच्याही गच्चीवर होता. मी अमळनेरला बारशाला गेले होते, ह्यांनी मित्र बोलावले होते. रात्री परतले तर ओटा लख्ख पुसलेला, ताटं पालथी घातलेली. मनात म्हटलं, माणूस सुधारला.

काकूंचा संशय वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू पोरांवर. "परवाच मला ऐकवलं, शेवटी सगळं एकाच ढिगात जातं, मग आपण कशाला निवडत बसायचं. मी म्हटलं, बाबा, तुझ्या आईनं तांदूळ निवडताना असं म्हटलं असतं तर तू खडे खाऊन मोठा झाला असतास."

काकूंना हा विषय मिळाला की शेंगा सोलून संपतात. थोरला भाऊ धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात नोकरीला होता, त्यामुळे शास्त्र तिथलं आणि भाषा देवपूरची. ओला-सुका वेगळा ठेवायला सरकारनं 2000 सालीच सांगितलं, पण आपण ऐकतोय कुठं. मग 2016 ला नवे नियम आले, त्यात तीन भाग झाले: ओला, सुका आणि तिसरा घरातला घातक, म्हणजे संपलेले सेल, ट्यूब, जुनी औषधं, रंगाचे डबे. डायपर-पॅड कागदात गुंडाळून निराळे द्यायचे. "ते गुंडाळायचं का, तर पुढं कोणाचा तरी हात लागतो म्हणून," काकू म्हणतात. एवढं एकच वाक्य त्या हळू आवाजात बोलतात. लग्नाआधी गल्लीत भंगार वेचायला येणारी एक बाई त्यांच्या ओट्यावर पाणी प्यायला बसायची. तिची बोटं त्यांनी पाहिली होती.

आणि मग इंदूर. इंदूर येणारच. लेक तिथं दिलेली, आग्रा रोडनं धुळ्याहून सरळ रस्ता. "2017 पासून सलग सात वेळा देशात पहिला नंबर पटकावलाय त्या गावानं. लेकीच्या दारातली गाडी सहा कप्प्यांची. भाजीचं देठ चुकून सुक्यात गेलं की गाडीवाला परत हातात देतो. 2022 पासून तिथं ओल्या कचऱ्याचा गॅस करतात, दिवसाला साडेपाचशे टनाचा कारखाना, सिटी बस पळतात त्याच्यावर. म्हणजे माझी लेक कोबीची पानं टाकते आणि जावई त्याच्यावरच बसून कामाला जातो."

"तुमचं धुळं का नाही मग पहिलं?"

"तुले काय करनं शे?" एवढंच उत्तर. धुळ्याचा वरखेडीचा कचरा डेपो आणि आमचा आव्हाण्याचा, दोघांचीही नावं त्या दिवशी कोणी काढली नाहीत.

बोलता बोलता काकू सालं ड्रममध्ये टाकत होत्या. निळा दोनशे लिटरचा ड्रम, बाजूनं तापल्या सळईनं पाडलेली भोकं, खाली दोन विटा. मूठभर ओलं टाकलं की दोन मुठी वाळला पाला. ओल्यात नत्र, पाल्यात कर्ब. एक भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब असला की खत नीट होतं, हे भावाचं वाक्य. पाला कमी पडला की वास येतो, जास्त झाला की महिनोन्‌महिने ढिम्म. आठवड्यातून एकदा आंबट ताकाचा शिपका. त्यांनी मधोमध खुपसलेली सळई उपसली आणि माझ्या तळहाताला लावली. बाहेर स्वेटरची थंडी आणि सळई चहाच्या कपासारखी गरम.

"कुजत नाहीये वं, शिजून राहिलं ते."

मे महिन्यात मात्र इथलं ऊनच असं की ड्रम भट्टीत ठेवल्यासारखा कोरडा पडतो. तेव्हा त्यावर ओलं गोणपाट टाकतात. पावसाळ्यात अळ्या होतात. पहिल्या वर्षी सुनेनं त्या पाहून ड्रमच बाहेर काढायला लावला होता. आखाजीला डांगर आणि आंबरसाच्या साली इतक्या निघतात की काकू शेजाऱ्यांच्याही मागून घेतात. सहा-आठ आठवड्यांनी चाळणीतून जे निघतं ते चहापत्तीसारखं काळं, वास पहिल्या पावसाचा.

सुक्याचं कौतुक मला जास्त, कारण ते आमच्या गावचं आहे. देशभर जमिनीवर अंथरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या चटया जळगावच्या एमआयडीसीत विणल्या जातात, आणि त्यातला किती तरी माल भंगारातून येतो. मोडक्या खुर्च्या, फुटक्या बादल्या निवडायच्या, धुवायच्या, वितळवून दाणा काढायचा, दाण्याच्या पोकळ काड्या ओढायच्या आणि त्या मागावर चढवायच्या. काकूंचा मुलगा अशाच एका कारखान्यात आहे. "दुधाच्या पिशवीचा दाणा निराळा, खुर्चीचा निराळा. एकत्र वितळले की माल फसतो. आणि पिशवीला शेवभाजीचा रस्सा लागला की दाणेवाला हातच लावत नाही." म्हणून त्यांच्याकडे दुधाची पिशवी रिकामी झाली की विसळून कपड्याच्या चिमट्यानं दोरीला.

आता पिशवीत फक्त दुधाच्या पिशव्या राहिल्या होत्या. काकूंनी एक उचलली, उजेडाकडे धरली. कोपरा कापलेला, पण तुटलेला नव्हता. एका धाग्याएवढ्या कडेवर लोंबत होता.

मागच्या दिवाळीत काकूंनीच हे मला शिकवलं. कोपरा पुरता कापला की तो नखाएवढा तुकडा कोणी उचलत नाही, गटारात जातो, गाईच्या पोटात जातो. म्हणून अर्धवट कापायचा, पिशवीबरोबर जाऊ द्यायचा. "वरच्या पोरांना सांगून पाहिलं, चौकातल्या सरांना सांगितलं, गल्लीत कोणी ऐकलं नाही. तू एकटीच," असं तेव्हा त्या कौतुकानं म्हणाल्या होत्या.

दुसरी पिशवी. कोपरा लोंबता. तिसरी. तीही तशीच.

माझ्या हातातली शेंग सोलायची राहिली. त्या लख्ख ओट्याचा अर्थ आत्ता लागला. सोमवारी सकाळी हे उशिरा उठले होते, गाडी निघून गेली होती, आणि नंतर म्हणाले होते, मेहरूण तलावावर चक्कर मारून येतो.

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. तिन्ही पिशव्या नळाखाली धरल्या, पालथ्या केल्या, झटकल्या, चिमटे लावले.

"पोरं बिचारी नसतील वं," त्या दोरीकडे तोंड करून म्हणाल्या. "शिकवलेल्या घरचं काम शे हे."

मी शेंगांची परात उचलली.

"अन् ऐक. वांग्याची देठं लवकर कुजत नाहीत. भाऊंना म्हणा, पुढच्या रविवारी बारीक तोडून द्या. भिंतीवरून दिली तरी चालतील."