दिसत नाही तेच बिघडतं

अमेरिकेतल्या ओले एव्हिनरूडने होडीच्या मागे टांगायचं इंजिन १९०९ साली विकायला काढलं. होणाऱ्या बायकोसाठी वल्हवत नेलेलं आइस्क्रीम वाटेतच वितळलं, म्हणून हा खटाटोप, असं सांगतात. हाच गडी मे महिन्यात भंडाऱ्यात वल्हवायला बसला असता, तर आइस्क्रीमच्या आधी स्वतःच वितळला असता आणि आमच्यामागची गिअरची कटकट वाचली असती.

आमच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते १९८८ ला झाली. पुढे पाणी अडलं, वैनगंगा ऐसपैस पसरली, जलपर्णीने संसार थाटला आणि डोंग्यांच्या शेजारी इंजिनाच्या बोटी लागल्या. या इंजिनाचे गिअर पाण्याखाली, पंख्याला लागून, तेल भरलेल्या बंद खोक्यात असतात. कुणालाच दिसत नाहीत, म्हणून सगळ्यांनाच कळतात.

मित्राची बोट परवा नुसतीच गुरगुरली, जागची हलेना. घाटावर पंचायत भरली.

"दात गेले जी गिअरचे!" एकाने दुरूनच निकाल दिला.

दुसऱ्याने कान लावून बेअरिंगवर ठपका ठेवला. तिसरा म्हणाला, "फेका न भाऊ हे. माह्या साळ्याजवळ एक इंजिन हाय."

मिस्त्रीने पंख्याच्या आतल्या तुंब्यापासून बाहेरच्या कडीपर्यंत ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढली आणि बोटीला रेस दिली. रेघ मधोमध तुटली. म्हणजे शाफ्ट फिरतोय, मधला रबरी बुश घसरतोय.

मग घमेलं ठेवून तळाचा स्क्रू काढला, मागोमाग वरचा. तेल आलं ते टपरीवरच्या चहासारखं दुधाळ. पाणी शिरलं होतं. तळाच्या स्क्रूच्या चुंबकावरची करडी भुकटी त्याने बोटांत चोळली. "भुकटी चालते. टिकल्या निघाल्या असत्या, तं दात गेले समजा. आन् गिअर टाकाचा तं खटकन टाका जी, लाजत लाजत टाकला का कडा झिजतेत."

"मंग पानी कुठून आलं?"

त्याने पंखा उतरवला. मागे शाफ्टवर नायलॉनचा दोरा करकचून गुंडाळला होता, सीलच्या पार आत घुसून. साळ्याचं इंजिन विकायला निघालेले गृहस्थ पुढे सरसावले, दोरा निरखला आणि ओरडले, "अरे, हे तं माहं जाळं!"

निदान पक्कं झालं: गिअर शाबूत, बुश घसरलेला, सील फाटलेलं. बुश आणि सील मिळून जेवढ्यात आले, त्याच्या दुप्पट भरपाई जाळ्याची मागितली गेली.