हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात आम्ही पाच पेन्शनर मिळून बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातो. यंत्रावर अंगठा टेकवायचा, यंत्र नाही म्हणतं, अंगठा शर्टाला पुसायचा, पुन्हा टेकवायचा. चौथ्या खेपेला सरकारला पटतं की माणूस जिवंत आहे. मग आम्हालाही पटतं आणि आम्ही मिसळ खायला जातो.

गेल्या खेपेला मिसळीवर मी म्हटलं, जिवंत आहोत हे ठरलं, आता कितपत आहोत तेही बघून घेऊ. टेबलावर एकदम सुतक.

“दुखत तर काही नाही,” मास्तर म्हणाला.

दुखत नाही हीच तर लबाडी. रक्तदाब दुखत नाही, साखर दुखत नाही. काचबिंदू बाजूची नजर कडेकडेने कुरतडत येतो आणि आपण म्हणतो, हल्ली लोक फार आडवे येतात. मी स्वतः दाढ काढायला गेलो होतो. दातवालीने आधी दंडाला पट्टा बांधला, आकडा निघाला १६८ वर १०० आणि मी दाढेसकट घरी परत आलो. तेव्हापासून मी गोळी घेतो आणि उपदेश करतो. गोळी सकाळी एकदाच असते.

“तपासलं की निघतं,” हे आमच्या बँकवाल्याचं म्हणणं. रोग जणू लॅबच्या प्रिंटरमध्ये जन्म घेतो! मी त्याला सांगितलं, जुन्या करपद्धतीत या तपासणीच्या ५,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाला वजावट आहे, पैसे रोख दिलेस तरी. सगळ्यांत आधी तोच तयार झाला. वर जाहिरात घेऊन आला, ८७ चाचण्या, निम्म्या किमतीत! साड्यांचा सेल आहे का? आपल्या डॉक्टरांना विचारून वयाला लागतात तेवढ्याच कराव्यात. उरलेल्या ऐंशी नुसत्याच घोर लावतात.

सकाळी सात वाजता आम्ही उपाशीपोटी हजर. रक्त दिलं. मग सोनोग्राफी. प्रोस्टेट नीट दिसायला मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून लिटरभर पाणी प्यायला लावलं. आम्ही प्यायलो आणि डॉक्टर ट्रॅफिकमध्ये अडकले. साठी ओलांडलेले पाच पुरुष एका बाकावर, पायावर पाय, कुणी बोलत नाही. मास्तर पाढे म्हणायला लागला. कोपऱ्यातल्या मशीनमधून कुणीतरी ग्लासात पाणी सोडलं, तसं इंजिनिअरने डोळे मिटून भिंत धरली. “अजून थोडं भरू द्या काका,” असं सोनोग्राफीवाली मुलगी म्हणाली तेव्हा बँकवाला फक्त तिच्याकडे बघत राहिला. तीस वर्षं त्यानेही लोकांना “थोडं थांबा” म्हणून बसवून ठेवलं होतं.

बँकवाल्याने आठवडाभर कारल्याचा रस पिऊन रक्ताला पढवलं होतं. उपाशीपोटीची साखर त्याप्रमाणे शहाण्यासारखी आली. पण एचबीएवनसी ऐकत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि त्या काळात रक्तात किती साखर फिरली त्याची सरासरी ही चाचणी सांगते. दिवाळीच्या करंज्या, कोजागरीचं दूध, सगळं बाहेर आलं. मधुमेहाची रेघ ६.५ ला, याचा आकडा ७.४. “लॅब चुकली,” म्हणत तो दुसऱ्या लॅबमध्ये गेला. तिथे ७.३. “बघ, उतरली!” म्हणत पेढे घेऊन आला.

बायकांचं निराळंच. आमच्या फायली त्या सांभाळतात आणि स्वतःच्या तपासणीचा विषय निघाला की कुकरची शिट्टी होते. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्यांचा रक्तदाब आणि साखर बघतात. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणीही तिथे होते, तीही फुकट. हे कळल्यावर मास्तरच्या बायकोने भिशीच्या सातही जणींना रिक्षात बसवलं आणि दोन दिवसांत काम उरकलं. आम्हाला महिना लागला होता.

राहिला वकील. चाळीस वर्षं तंबाखू, गालात कायम बार. रक्त दिलं, बाकावर बसला, पण तोंड दाखवायला नकार. जन्मभर तोंड उघडायचे पैसे घेतले, फुकट कसं उघडणार? बँकवाला म्हणतो नोटीस पाठवू. मी चारदा सांगून झालं, परवा तर माझा फोनही घेतला नाही. वाचकांपैकी कुणाचं त्याच्यापाशी वजन असेल तर कृपया एक शब्द टाका.