वीसच्या आतली शाळा: नव्या गुरुजींसाठी हातपुस्तिका

अभिनंदन. तुम्ही शिक्षणसेवक झालात, महिना 16,000 रुपये मानधनावर, आणि तुमच्या वाट्याला वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातली, संत्र्याच्या बागांमागची दोन खोल्यांची जिल्हा परिषद शाळा आली. शेजारच्या गावात निवृत्त गुरुजी कंत्राटावर आले तेव्हा त्यांना 20,000 ठरले, पेन्शन वेगळी. जुलै 2023 च्या आदेशानं तसं ठरलं होतं, वयाच्या सत्तरीपर्यंत चालायचं. मनाला लावून घेऊ नका. अनुभवाला किंमत असते. तुम्हालाही ती मिळेल, निवृत्त झाल्यावर.

आधी पैसे समजून घ्या, फार वेळ लागत नाही. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला 10,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान असतं. त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. उरले 9,000, म्हणजे महिन्याला 750. यात खडू, हजेरीपत्रक, विजेचं बिल, नळाची तोटी, गळक्या कौलांची डागडुजी, आणि ‘अतितात्काळ’ शेरा मारून मागवलेल्या माहितीच्या झेरॉक्स. गरज जूनमध्ये पडते, पैसे बहुधा मार्चच्या तोंडावर येतात. तेव्हा जूनमध्ये आपल्या खिशातून भागवणं आणि मार्चमध्ये आठ दिवसांत सगळं खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र देणं, या दोन कला पहिल्याच वर्षी आत्मसात करा.

बिल थकलं की वीज तोडतात. घाबरू नका. लोकवर्गणीतून आलेल्या टीव्हीवर स्वच्छ कापड टाकून ठेवा. भिंतीवरची ‘डिजिटल शाळा’ ही अक्षरं मात्र पुसू नका. पुसायला रंग लागतो आणि रंगाला पैसे.

आता खिरीची कृती. नोव्हेंबर 2023 पासून पोरांना पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, असं सुरू झालं होतं. पोट्टे त्या दिवशी घंटेच्या आधी येऊन बसत. जानेवारी 2025 मध्ये राज्यानं अंड्याचे पैसे थांबवले. अंडं बंद केलं असं कुणी म्हणालेलं नाही. द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, असं म्हटलंय. खिरीचंही तसंच. साहित्य: तांदूळ सरकारचा, साखर गावाची. कृती: सरपंचाकडे जावं, मग किराणा दुकानात, मग ज्याच्या घरी नुकतं बारसं झालंय त्याच्याकडे. साखर जमली की खीर शिजवावी, मुलांना वाढावी, फोटो काढून अपलोड करावा. शिजवणाऱ्या ताईंना महिन्याला 2,500 रुपये मानधन आहे. त्यांच्याकडे वर्गणी मागू नये, एवढं तारतम्य ठेवा.

शाळेनं आपला खर्च आपण काढावा, ही कल्पना खरं तर आपल्याच जिल्ह्यातली. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीम उभी राहिली. दारूबंदी केली तर दारूच्या महसुलावर चालणाऱ्या शाळांचं काय, असा तेव्हा पेच होता. पोरं हातानं काम करतील, त्यातून शाळेचा खर्च निघेल, असं गांधीजी म्हणत. पटो न पटो, त्यात मूल काहीतरी शिकत होतं. जिल्ह्यात दारूबंदी आजही आहे, निदान कागदावर. टकळीच्या जागी मात्र पावतीपुस्तक आलं, आणि ते गुरुजींच्या हातात.

पावतीपुस्तक पुरेना तर दत्तक शाळा योजना पाहा, सप्टेंबर 2023 ची. ग्रामीण शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायला 50 लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी. देणगीदाराचं नाव शाळेला जोडता येतं. आंबिया बहार गळाला म्हणून कपाळाला हात लावून बसलेल्या बागाईतदाराला हे जरा बेतानं सांगा.

थोडी भाषाही शिकावी लागेल. ‘बंद’ हा शब्द कधीच वापरायचा नाही; शाळा शेजारच्या शाळेत ‘समायोजित’ होते. डिसेंबर 2017 मध्ये दहाच्या आत पट असलेल्या 1,314 शाळा अशा समायोजनाच्या यादीत गेल्या. 2023 मध्ये लहान शाळा एकत्र करायला ‘समूह शाळा’ हा शब्द आला. वीसच्या आतल्या 14,783 शाळा मोजल्या गेल्या, त्यांत 1,85,467 मुलं. भागाकार करून पाहा, शाळेमागे बारा-तेरा येतात. तुमच्या वर्गात आत्ता बसलीत तेवढीच. आणि ‘शून्य शिक्षक’ हा तर गणिताचा नवा धडा: 15 मार्च 2024 च्या निर्णयानं सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर मंजूर शिक्षक शून्य. मुलं अठरा, शिक्षक शून्य. हे उदाहरण सातवीच्या पोरांना घालू नका, ते उत्तर मागतात.

सगळ्यात अवघड पाठ पालकसभेचा. तुम्ही समायोजन समजावून सांगत असता, आणि मागून एखादी माय उठते. “गुर्जी, पोरीले दुसऱ्या गावले एकटी कशी धाडू? नाल्याले पूर आला का मंग?” शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हे तुम्हाला पाठ असतं. वाहतूक भत्त्याचंही तुम्ही बोलता. ती ऐकून घेते आणि म्हणते, “मंग मीच सोडून देईन, वावरातला रोज बुडंल.” झालं. शाळेचा खर्च वाचला तो असा. कुठे गेला ते तिच्या मजुरीत सापडतं, पण तिची मजुरी कुठल्याच अंदाजपत्रकात नाही. एक-दोन वर्षांनी ती कंटाळते आणि पोरीला घरी ठेवते. यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदीच्या रकान्यात तुम्ही त्या पोरीनं शाळा सोडल्याचं कारण काय लिहिणार, ते आत्ताच ठरवून ठेवा.

गाऱ्हाणं मांडायची एक तारीखही लक्षात ठेवा. आष्टीत 16 ऑगस्ट 1942 ला, चले जावच्या लढ्यात, गोळ्या झेलून माणसं पडली, म्हणून गावाला शहीद म्हणतात. त्या दिवशी दरवर्षी मोठी माणसं येतात. मुलांना प्रभातफेरीसाठी पांढरे शर्ट लागतील, ते शोधून ठेवा, आणि गळक्या छताचं निवेदनही खिशात असू द्या.

शेवटचं काम आजच करा. शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे, त्या संचमान्यतेसाठी 30 सप्टेंबरचा पट धरतात, आणि ज्याचं आधार जुळत नाही तो पोरगा समोर बसलेला असला तरी मोजला जात नाही. हजेरीपत्रक उघडा, कुणाच्या कार्डावर नाव किंवा जन्मतारीख चुकली आहे ते पाहा आणि त्या पोराला घेऊन आष्टीला आधार केंद्रावर जा. गाडीभाडं तुमचं.