लॉक पुढं की मागं?

"कळलं का नाना? धरणापलीकडच्या फार्महाऊसवाल्यानं हायलक्स घेतली."

"कळतंय कसलं, दिसली! वळताना आमच्या जास्वंदीची फांदी घेऊन गेली. तीस लाखांच्या वरची गाडी, आणि मागं हौद्यात काय, तर खताची दोन पोती."

वईच्या पलीकडं काकू सुपात शेवळं निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोती तरी आहेत. गेल्या सालच्या गाडीत नुसता कुत्रा असायचा."

पळसदरीत बातमी स्टेशनवरून घरी पोचेपर्यंत शिळी होते, पण ही ताजी होती. त्या गृहस्थाला आता पुढच्या डिफरन्शियललाही लॉक बसवायचंय. खोपोलीपासून पनवेलपर्यंत गॅरेजं पालथी घालून झाली, आता गावात ज्याला त्याला विचारत सुटलाय. म्हटलं, आपण तरी मत तयार ठेवावं.

नाना रेल्वेतले. उमेद सगळी कर्जत-लोणावळा बँकर इंजिनं चालवण्यात गेली. त्यांनी लगेच विचारलं, "आणि मागचं लॉक?"

"ते कंपनीतूनच आलंय. बटण दाबलं की लागतं."

"मग पुढं कशाला? बोरघाटाला ३७ फुटांना एक फूट चढ. तिथं जोर हवा म्हणून इंजिनं जोडतात ती गाडीच्या मागंच ना?"

"नाना, तुमच्या डब्यांना डिफरन्शियल असतं कुठं!"

"नसतंच. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर ठोकलेली, जन्माची लॉक. वळणावर निभावतं, कारण चाक आतल्या बाजूला जाड, बाहेर निमुळतं. गाडी बाहेर सरकली की बाहेरचं चाक जाड भागावर धावतं, आतलं बारीक भागावर."

रस्त्यावरच्या गाडीला ती सोय नाही. वळताना बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला, आतल्याला जवळचा, म्हणून मध्ये डिफरन्शियल. पण एक चाक चिखलात सुटलं की तेच गरगरत राहतं आणि कोरड्यावरचं ढिम्म. जे सुटलंय त्याला जेवढा जोर लागेल तेवढाच दुसऱ्याच्याही वाट्याला येतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. लॉक लावलं की दोन्ही चाकांना एकत्रच फिरावं लागतं.

इतक्यात ट्रॅक्टरवाला दादा आला. तो बांधावरून येतो, रस्त्यानं नाही. विषय कळल्यावर हसला. "आमच्या ट्रॅक्टरला टाचेखाली पेडल असतं तेच ना हे? चाक फिरायला लागलं की दाबायचं, बाहेर पडलं की सोडायचं. दाबून स्टिअरिंग फिरवलंत तर ट्रॅक्टर वळत नाही, सरळ बांधावर चढतो."

"बघ," नाना म्हणाले. "आणि ट्रॅक्टरला ते मागंच असतं. पुढं लावलं तर ज्या चाकांनी वळायचं तीच अडकणार."

इथं मात्र मी त्या गृहस्थाची बाजू घेतली. खाचराकडेचा चर तिरका ओलांडताना पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं एक, अशी दोन चाकं लटकतात. मागचं लॉक लावलं तर मागून ढकललं जातं, पण पुढचं जोडपं नुसतं शोभेचं. त्यात कित्येक हायलक्स अशा आहेत की मागचं लॉक लावलं की सुटलेल्या चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणाच बंद होते. म्हणजे पुढं होती तीही मदत गेली. त्याची मागणी अगदीच हौसेची नाही. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा पुढं-मागं दोन्ही लॉक कंपनीतूनच घेऊन येते. महिंद्राची २०२० ची थार बघा, लॉक मागंच आणि पुढं ब्रेकवर भागवलंय.

"मग बसवू दे की," काकू म्हणाल्या.

बसवायचं तर कुठलं, हा खरा घोळ. आपोआप लागणारं लॉक पुढं नको. ॲक्सिलरेटर दिला की स्टिअरिंगला हिसका बसतो, निसरड्या चढावर तो हिसका दरीकडं नेतो. गियरवर चालणारं लिमिटेड स्लिप गुण्यानं वागतं, हिसका नाही, पण चाक हवेतच गेलं तर तेही हात टेकतं. उरलं ते हवं तेव्हा लावायचं, हवं तेव्हा काढायचं. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचं हवेवर चालतं, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर आणि नळी आली. दुसरं विजेच्या चुंबकावरचं. माझं मत त्यांतल्या एकाला, आणि तेही मेस्त्री बघून. क्राऊन-पिनियनमधली फट शिमा घालून मापात बसवावी लागते. ते चुकलं की गाडी आधी शीळ घालते आणि मग दात मोडते.

शिवाय हायलक्सचं पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्र, दांडे बारीक, टोकाला सीव्ही जॉइंट. लॉक लावून, स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून ॲक्सिलरेटर दाबला की तो जॉइंट गेलाच. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलातली स्पर्धा होते, तिथल्या लोकांचं ठीक आहे. ते मोडतोड हिशेबात धरूनच येतात, बरोबर विंच असते.

"आणि कायदा?" नानांनी चष्मा पुसला. "२०१९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत चालायचा नाही. विमेवाला नेमकं तेच काढेल."

"त्याला आधी टायर बदलायला सांगा," दादा म्हणाला. "गुळगुळीत रस्त्याचे टायर आहेत. दोन वेळा ओढून काढला, दोन्ही वेळा खाचा चिखलानं भरलेल्या आणि हवा हायवेची. मातीचे टायर घालून हवा अठरा-वीसवर आणली असती, तर मला कोणी बोलावलंच नसतं."

"मग तू त्याला हे का नाही सांगितलंस?"

"नाना, पावसाळ्यात भात लावून झाल्यावर ट्रॅक्टरला दुसरं काम काय?"

काकूंनी सूप झटकलं. "अडकतो कुठं तो?"

"ओहोळावर. दरवर्षी तिथंच."

"मग तिथं मोरी घाला म्हणावं. दोन सिमेंटचे पाइप टाकले की झालं. आणायला गाडी आहेच त्याच्याकडे, हौदा जवळजवळ रिकामाच असतो."

दादाचा चेहरा पडला.