तक्रारी : निरंक

हुकूमशहाच्या देशाला कर्ज द्यावे की देऊ नये, हा वाद आता मिटला म्हणायला हरकत नाही. द्यावे. फक्त प्रकल्पाच्या जागी एक तक्रारपेटी बसवून घ्यावी.

ही पेटी आमच्या डोक्यातून निघालेली नाही. धरण असो, महामार्ग असो, वीजकेंद्र असो, अशा कर्जाच्या कागदांत हल्ली तिची सोय असतेच. ज्यांची जमीन जाणार, घर जाणार, त्यांना गाऱ्हाणे मांडायला जागा हवी, ही त्यामागची भावना. पेटी येता-जाता दिसावी, तिला कुलूप असावे, बायकांना तिच्याजवळ जायला संकोच वाटू नये, सूचना तिथल्या भाषेत असाव्यात, निनावी तक्रारही चालावी. वाचताना गळा दाटून येतो. मग करारावर सही कोणाची आहे ते पाहावे. जिथे चार माणसे एका टपरीवर चहा प्यायली तर जमावबंदी मोडते, जिथल्या शेवटच्या संपादकाने राजकारण सोडून नुसते हवामान छापायला घेतले आणि वादळाचा अंदाज दिला म्हणून आत गेला, तिथे ही पेटी बसायची असते.

आणि बसते. पोलीस चौकीच्या भिंतीवर बसते, कारण गावात चोराचे भय नसलेली तेवढी एकच भिंत. वर कॅमेरा, पेटीच्या संरक्षणासाठी. गैरप्रकार नको म्हणून किल्ल्या दोन, दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे. दोघेही गुप्तवार्ता विभागाचे. निनावी तक्रारीसाठी छापील अर्ज मिळतो. त्यात नाव, वडिलांचे नाव, पत्ता, मोबाइल आणि ‘घरात आणखी कोण कोण असते’ एवढेच भरायचे. तीन महिन्यांनी अहवाल जातो. आलेल्या तक्रारी : निरंक. प्रलंबित तक्रारी : निरंक. शेरा : समाधानकारक. सावकाराच्या कचेरीत तक्त्यातला एक चौकोन हिरवा होतो. त्याच तक्त्यात शेजारच्या देशाचा चौकोन लालभडक असतो, कारण तिथे निवडणुका होतात, वर्तमानपत्रे निघतात आणि पेटी दिसली की लोक शेजाऱ्याच्या कोंबड्यांपासून ठेकेदाराच्या सिमेंटपर्यंत सगळे तिच्यात कोंबतात. तिथे चौकशी लागते, हप्ता अडतो. ज्याला पैसा वेळेवर हवा त्याने आधी तक्रार करणाऱ्यांचा बंदोबस्त करावा, हे शहाण्याला वेगळे सांगायला नको.

मध्यंतरी पाहणी पथक येऊन गेले. पथकाने कुलूप ओढून पाहिले, पेटीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजली आणि गंभीर त्रुटी नोंदवली: पेटीवर आडोसा नाही, पावसात तक्रारी भिजतील. चौकीच्या आतून कोणीतरी ओरडत होते, पण ते पथकाच्या कार्यकक्षेत बसत नव्हते. आडोशाची निविदा निघाली. ती राष्ट्राध्यक्षांच्या मेव्हण्याला मिळाली. पत्र्याला संगमरवराचा भाव लागला. दुसरा हप्ता सुटला.

मग एके दिवशी आक्रीत घडले. पेटीत चिठ्ठी सापडली. वहीचे फाडलेले पान, वर पेन्सिलीने लिहिलेले: ‘पेटी फार उंच आहे, माझा हात पोचत नाही.’ राजधानीपर्यंत फोन गेले. हात पोचत नाही, तर चिठ्ठी आत गेली कशी? म्हणजे कोणीतरी उचलून घेतले. म्हणजे किमान दोघे. म्हणजे कट. कॅमेरा पाहावा, तर मेव्हण्याचा आडोसा नेमका कॅमेऱ्याच्या आड आलेला, आणि मेव्हण्याला जाब विचारण्याइतका मोठा अधिकारी देशात नाही. तेव्हा जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत एकाच दिवशी शुद्धलेखन घेतले गेले. मजकूर देशभक्तीचा, पण ‘पेटी’, ‘उंच’ आणि ‘हात’ हे शब्द त्यात बेमालूम पेरलेले. ज्यांचे अक्षर जुळले त्यांना वेगळे बसवले. ज्यांचे जुळले नाही त्यांनी ते मुद्दाम बदलले असणार, म्हणून त्यांनाही. पेन्सिली विकणाऱ्या दुकानदारांकडून गिऱ्हाइकांची यादी घेतली. खांद्यावर पोर घेऊन जत्रेला गेलेल्या बापांचे फोटो तपासले. शेवटी एक आजोबा सापडले. त्यांनी नातवाला उचलल्याचे लगेच कबूल केले, कारण त्यांना वाटले, पेटी त्यासाठीच आहे. त्या तिमाहीचा अहवाल असा: आलेल्या तक्रारी, एक. निकाली काढलेल्या, एक. निकालाचे प्रमाण, शंभर टक्के. ‘तक्रारदाराचे समाधान झाले काय?’ या रकान्यात लिहिले होते, ‘तक्रारदार सध्या उपलब्ध नाही.’ पेटीची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याला परदेशात परिसंवादाचे निमंत्रण आले. विषय: लोकसहभाग.

आणि एवढे होऊन सावकार म्हणतो काय? म्हणतो, आम्ही राजकारणात पडत नाही. अहो, पडत नाही? पिठावरचे अनुदान कोणत्या महिन्यात उठवायचे, विजेचा दर किती चढवायचा, मास्तरांची भरती किती वर्षे बंद ठेवायची, चलन किती उतरू द्यायचे, हे तुम्ही तारखेसकट लिहून घेता. पाळले नाही तर हप्ता रोखता. गरिबाच्या ताटातल्या पावाचा भाव ठरवला की ते अर्थशास्त्र, आणि खटला न चालवता कोंडलेली माणसे सोडा म्हटले की अंतर्गत कारभारात हस्तक्षेप! पाव महागला म्हणून लोक रस्त्यावर येतात, गोळी चालते, आणि तुमच्या पुढच्या अहवालात ‘सुधारणांना सामाजिक विरोधाची जोखीम’ असे अर्धे वाक्य उगवते. मेलेला माणूस जोखीम म्हणून तरी तुमच्या कागदावर येतो, यात त्याच्या बायकोने धन्यता मानावी काय?

पैसा थांबवला तर गरीब मरतील, हे त्यांचे हुकमी पान. ते अगदीच खोटे नाही, हीच पंचाईत. लशी, सुइणी, विहिरी यांचा पैसा अडवा म्हणायला आमची जीभ रेटत नाही. पण तिजोरीला कप्पे नसतात. शाळेचा खर्च बाहेरून आला की शाळेसाठी राखलेली रक्कम मोकळी होते, आणि मोकळी झालेली रक्कम अश्रुधुराकडे, नव्या तुरुंगाकडे आपल्या पायांनी चालत जाते. लेखापरीक्षकाला शाळेचा पै न् पै हिशेब दाखवतात. तुरुंगाचा मागायचा त्याला अधिकार नाही. आणि जे कर्ज कुठल्याच शाळेचे नाव न घेता थेट खजिन्यात पडते, त्याचे तर बोलायलाच नको.

आम्ही घरासाठी कर्ज काढले तेव्हा बँकेने दोन जामीनदार मागितले होते. दोघांना समोर बसवून साहेबांनी विचारले, ‘हे बुडाले तर तुम्ही भराल ना?’ आमचे साडू तिथूनच उठून गेले. त्यानंतर ते आमच्याकडे जेवायलाही आलेले नाहीत. पण साडूंना निदान उठून जाता आले. हुकूमशहाच्या कर्जाला सबंध देश जामीन असतो आणि विचारत कोणालाच नाहीत. सवलतीच्या कर्जाची मुदत तीस-चाळीस वर्षांचीही असते, आणि पहिली पाच-दहा वर्षे मुद्दलाला हात लावायचा नाही. तोवर घेणारा मेलेला तरी असतो किंवा पळालेला तरी. फेडतात ते त्याने आत टाकलेले, आणि त्यांची पोरे. 1898 मध्ये स्पेनच्या हातून क्यूबा गेले तेव्हा तहाच्या बैठकीत हाच प्रश्न निघाला होता. क्यूबाच्या माथी मारलेले कर्ज क्यूबाच्या लोकांना विचारून काढलेले नाही, ते त्यांचेच बंड मोडायला वापरले, मग त्यांनी ते का फेडावे, असे जिंकलेल्या बाजूने विचारले. युक्तिवाद बिनतोड होता. कायद्याच्या पुस्तकांत त्याला पुढे ‘घृणास्पद कर्ज’ असे नावही मिळाले, आणि मग पुस्तके कपाटात गेली. 1994 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपली. तिचे देणे नव्या सरकारने मान्य केले, कारण ते नाकारणाऱ्याला पुढे बाजारात कोणी उभे करत नाही. खिशात फिरण्याचा पास नाही म्हणून ज्यांना धरून नेत होते, त्यांच्याच करातून ते देणे फिटायचे होते.

तर पेटी बसवलेल्या देशातला हुकूमशहाही एके दिवशी पळेल. विमानतळाच्या एका दाराने तो बाहेर पडेल आणि दुसऱ्या दाराने पथक आत येईल. नवा अर्थमंत्री परवापर्यंत कोठडीत असेल. त्याच्या बोटांची नखे अजून नीट आलेली नसतील. पथकप्रमुख त्याचा हात जपून हातात घेईल, आम्ही पहिल्यापासून जनतेच्याच बाजूला होतो असे सांगेल, आणि मुद्दल, व्याज, थकबाकी यांचा तक्ता पुढे सरकवेल. एवढे पैसे कुठून आणू, असे मंत्र्याने विचारले तर त्याचीही तयारी असेल. नवे कर्ज मिळेल. अटींची यादी टाइप करून आणलेली आहे, सुरुवात पावापासून.