हरकतकाका

पेपर कुणी पहिल्या पानापासून वाचतं, कुणी शेवटच्या. हरकतकाका जाहीर सूचनांपासून वाचतात. ‘प्रारूप विकास योजना’ एवढं दिसलं की त्यांचा चहा निवलाच. त्यांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे; पण त्या पाटीवरच त्यांची हरकत असल्यामुळे ते कुणी वापरत नाही.

२०२१च्या ऑगस्टमध्ये पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, विकास आराखडा आला. पुण्याभोवतीची आठशेहून अधिक गावं एकदम नकाशावर! काका भिंग घेऊन हॉलमध्ये पालथे पडले. काकू त्यांना वळसा घालून केर काढत होत्या.

“अहो, यातलं एक तरी गाव पाहिलंय का तुम्ही?”

“पाहिलं की मत पूर्वग्रहदूषित होतं.”

काकांच्या नावावर जिल्ह्यात एक गुंठाही नाही, म्हणून तर ते स्वतःला निःपक्षपाती समजतात. बाकीच्यांचं दुखणं खरं होतं. कुणाच्या विहिरीवरून रिंगरोड, कुणाच्या राहत्या घरावर बागेचं आरक्षण. अशा ६० हजारांहून अधिक हरकती आल्या. नगररचनेचा कायदा १९६६चा, तो हरकत घ्यायचा हक्क देतो, नकाशा वाचायचा चष्मा देत नाही. तो काकांकडे होता, हे मात्र मानलं पाहिजे. अर्ज द्यायच्या रांगेत एक आजोबा सातबारा छातीशी धरून उभे होते. आपली जमीन पिवळ्यात गेली की हिरव्यात, त्यांना कुणी सांगेना. काकांनी दोन मिनिटांत गट नंबर शोधला, तिथेच जिन्यावर बसून अर्ज लिहिला, पोचपावतीवर शिक्का नीट उमटला नाही म्हणून तो पुन्हा मारून घेतला. पैसे विचारायचा तर प्रश्नच नव्हता.

सुनावणीत साहेबांनी तो अर्ज वाचायला घेतला. पहिला मुद्दा विहिरीचा. दुसरा सायकल ट्रॅकच्या रुंदीचा. तिसरा, ज्येष्ठांसाठी खुलं वाचनालय. चौथ्यात मेट्रोचा फाटा.

“आजोबा, मेट्रो हवी तुम्हाला?”

आजोबांनी मागे वळून काकांकडे पाहिलं. काकांनी जोरात मान डोलावली.

“हिरीवरून नसंल तर येऊ द्या,” आजोबा म्हणाले.

२०२५मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. आजोबा पेढे घेऊन सोसायटीत आले. काकांनी पेढा हातातच धरला.

“रद्द केला, ठीक. पण रद्द करण्यावर हरकती मागवल्या होत्या का?”